काशीरामची उघाडी आणि तीन मडकी

आजचं काम कसं झालं, हे काशीराम शिव्यांवरून ठरवायचा. संध्याकाळी ओट्यावर टेकला की तो बोटांवर मोजायला लागे. भातवाल्यांनी किती घातल्या, मासेवाल्यांनी किती, इमारतवाल्यांनी किती. तिन्हीकडचा आकडा साधारण सारखा भरला की स्वारी खूश. एका बाजूच्या जास्त भरल्या तर दुसऱ्या दिवशी तो त्या बाजूला थोडं झुकतं माप द्यायचा. आणि कोणी चुकून स्तुती केली, तर मात्र त्याची जेवणावरची वासना उडायची.

"कोन खूश झाला म्हंजे दुसरा कोन तरी मेला," असं तो बायकोला, जयवंतीला सांगायचा. जयवंती त्यावर काही बोलत नसे. ती कशावरच फारसं बोलत नसे.

काशीरामचं काम होतं उघाडीचं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, ओढा जिथे खाडीला मिळतो, तिथल्या बांधात एक दार आहे. दोन बाजूंना दगडी खांब आणि मध्ये एकावर एक बसवलेल्या आडव्या नऊ फळ्या. भरती आली की फळ्या खाली सोडायच्या, म्हणजे समुद्र शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की वर ओढायच्या, म्हणजे आत तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. ऐकायला इतकं सोपं. पण कधी सोडायच्या आणि कधी ओढायच्या यावर एकतीस वर्षांत दोन माणसांचं एकमत झालेलं काशीरामने पाहिलं नव्हतं.

भातवाल्यांचा पुढारी दिनानाथ. त्याचं म्हणणं, समुद्र पार खाली गेल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. खाऱ्या पाण्याचा एक तांब्या आत आला तरी त्याला तो आपल्या भाताच्या मुळाशी ऐकू यायचा. मासेवाला जॉन. त्याचं म्हणणं नेमकं उलटं. भरती चढत असताना दार हातभर उघडं पाहिजे, त्याशिवाय कोळंबी आणि बोयटं आत कशी येणार, आणि ती आत आली नाहीत तर त्याने ओढ्यात जाळं काय कपडे वाळवायला लावायचं?

ही दोघं होती तोवर निदान भांडण घरचं होतं. नव्वद सालानंतर तिसरा भिडू आला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी पाऊस शेतात जिरायचा, तिथे चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि जिरायचं ते सगळं पाणी धावत खाली यायला लागलं. कोकणातून, घाटावरून, परळ-लालबागच्या खोल्या विकून आलेली नोकरदार माणसं तिथे राहायला आली. त्यांचा सेक्रेटरी कृष्णा सावंत. तळमजल्यावर राहायचा, त्यामुळे पाण्याबद्दलची त्याची मतं फार पक्की होती. पाऊस पडायला लागला की तो छत्री घेऊन बांधावर हजर. "काशीरामकाका, उघडा ना! जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागलंय!"

"भरती हाय, सावंत. उघडलं तर पानी जायाचं नाय, यायाचं."

"मग तुम्ही इथे बसून करता काय?"

करता काय, ते काशीरामला शब्दांत सांगता आलं नसतं. तो पेंढ्याची एक काडी घेऊन दाराच्या फटीपाशी पाण्यात सोडायचा. काडी आतल्या बाजूला सरकली म्हणजे समुद्राचा जोर. बाहेर सरकली म्हणजे आपला जोर. काडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली की आतलं आणि बाहेरचं पाणी बरोबरीला आलं. त्या क्षणी फळीला आकडा लावून ओढली तर ती फुलासारखी वर येते. त्याच्या आधी ओढली तर दोन रेडे लावले तरी हलत नाही, आणि हललीच तर खारं पाणी आत घुसतं.

पण रोज काडीचं ऐकून चालायचं नाही, लोकांचंही ऐकायला लागायचं. जॉनसाठी दार थोडं उशिरा लावायचं, सावंतसाठी थोडं लवकर उघडायचं. त्यात थोडं खारं पाणी आत यायचंच. ते दिनानाथच्या भातात जाऊ नये म्हणून काशीरामने एक युक्ती केली होती. उघाडीच्या आतल्या अंगाला लागूनच जमिनीचा एक सखल तुकडा होता, चार-पाच गुंठ्यांचा. त्याच्या बांधाला काशीरामने एक खांड पाडून ठेवली होती. आत घुसलेलं खारं पाणी त्या खांडीतून पहिल्यांदा त्या तुकड्यात उतरायचं आणि तिथेच बसायचं. तुकडा कोणाचा? काशीरामच्या घरचा. म्हणजे तक्रार करायला कोणी नाही. या युक्तीचा त्याला मनातून फार अभिमान होता. सगळ्यांचं थोडं थोडं राखलं आणि झळ सोसली ती आपण, असं त्याला वाटे.

या कामाचा मोबदला म्हणून भातवाले सुगीला तांदळाचं पोतं टाकायचे, जॉन अधूनमधून कोळंबीचा वाटा आणून द्यायचा, आणि सोसायटी दिवाळीला सोनपापडीचा डबा द्यायची. सोनपापडी काशीरामला आवडत नसे. पण तिन्हीकडून काहीतरी येतंय, याचं समाधान त्याला मोठं होतं.

दोन हजार तीन सालच्या श्रावणात हर्षवर्धन नावाचा एक पोरगेला साहेब पुण्याहून आला. खांद्याला झोळी, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं इतकं गोड की दिनानाथला लगेच संशय आला. तुंगाराच्या डोंगरापासून खाडीच्या तोंडापर्यंतच्या सगळ्या पाण्याचा मिळून एक आराखडा व्हायचा होता. शेती, मासळी, वस्ती, कोणाला किती महत्त्व द्यायचं ते लोकांनीच ठरवायचं, असं त्याचं म्हणणं. आणि त्यातच उघाडीचाही निकाल लागणार होता, कारण सोसायटीने लेखी मागणी केली होती: लाकडी फळ्या काढा, लोखंडी झडप बसवा. भरती आली की आपोआप बंद, ओसरली की आपोआप उघडी. हातभर फट नाही, उशीर नाही आणि माणूसही नाही.

काशीरामने ते ऐकलं आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. उघाडी गेली तर तो कोण? भातवाला नाही, मासेवाला नाही, इमारतवाला तर नाहीच. एकतीस वर्षं त्याने एकच गोष्ट जपली होती, की उघाडी कोणा एकाची नाही. ती आता जाणार की राहणार, ते सभेत ठरायचं होतं.

सभा ठरली अवसेच्या सकाळी, शाळेत. त्याच्या दोन दिवस आधी हर्षवर्धन काशीरामच्या दारावरून जाताना जयवंतीला सांगून गेला होता, "मावशी, परवाच्या सभेला दोन किलो वाल लागतील. तुमच्याकडून मिळतील का?"

आता पुण्याचा माणूस घरी येऊन वाल मागतो, तोही श्रावणात, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो: वालाचं बिरडं. जयवंतीने वाल आणले, निवडले, रात्रभर भिजत घातले, फडक्यात बांधून ठेवले. सभेच्या दिवशी सकाळी टरारून मोड आलेले वाल टोपलीत घेऊन ती शाळेत गेली आणि आणखी दोघींना घेऊन पडवीत चूल पेटवायला बसली. बिरडं सोलून करायचं म्हणजे वेळ लागतो.

हर्षवर्धनने टोपलीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी, हे भिजवलेत?"

"मंग? कोरडं खानार?"

साहेबाला वाल मतदानाला हवे होते. वर्गात तीन मडकी मांडली होती. एकावर भाताची लोंबी बांधली होती, एकावर मासळीचं चित्र काढलं होतं, एकावर घराचं. प्रत्येकाने दहा वाल घ्यायचे आणि ज्याला जितकं महत्त्व वाटतं तितके त्या त्या मडक्यात टाकायचे. चिंचोके घेता आले असते, पण कुठल्याशा प्रशिक्षणात साहेबाला सांगितलं होतं की वस्तू स्थानिक असावी.

झालं! मोडाच्या वालांनी मतदान सुरू झालं. वाल हातातून निसटत होते, बाकाखाली जात होते. दिनानाथने दहाच्या दहा भाताच्या मडक्यात टाकले आणि हात झटकला. जॉनने सात मासळीला टाकले, दोन भाताला, "कारन भाताबिगर मासळी कशासंगं खायाची", आणि एक घराला. तो एक कशाबद्दल, असं कोणी विचारलं तर म्हणाला, "आपली बहीन तिथंच पहिल्या माळ्यावर ऱ्हाते."

मग सोसायटीची माणसं उठली. ती आली होती दोन टेम्पो भरून. घराच्या मडक्यात वाल टपटपायला लागले ते थांबेचनात. दिनानाथ तांबडा झाला. "आरं, हे काय पाण्याचं ठरवनं हाय का डोकी मोजनं? आमी पन टेम्पो लावला असता!"

"काका, आम्ही पण माणसंच आहोत," सावंत म्हणाला. "माझ्या आईला गुडघाभर पाण्यातून उचलून नेलं गेल्या वर्षी. सांगा, त्याला किती वाल?"

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी सावंतच्या आईला उचलणाऱ्यांत दिनानाथ स्वतःही होता.

शेवटी राहिला काशीराम. त्याच्या ओंजळीत दहा वाल होते. सगळे त्याच्या हाताकडे बघायला लागले. एकतीस वर्षं या माणसाने आपण कोणाच्या बाजूचे ते कळू दिलं नव्हतं, आणि आता तो सगळ्यांदेखत दाखवणार होता. लोंबीच्या मडक्यात जास्त टाकले तर जॉन उद्यापासून विश्वास ठेवणार नाही. घराच्या टाकले तर गावात तोंड दाखवायला नको. सारखे वाटावेत तर दहा वाल तिघांत सारखे बसत नाहीत. एक उरतो, आणि तो एक कुठे टाकला एवढंच लोक जन्मभर लक्षात ठेवतील. तो मडक्यांपाशी वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा वाकला.

तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. पाऊस धरला होता. अवसेची भरती, दुपारी बारा-साडेबाराला उधाण येणार.

"पानी आलं," तो म्हणाला, आणि वालांसकट मूठ मिटून पळाला. साठीचा माणूस, पण असा पळाला की जॉनला हसू आवरेना.

पाच मिनिटांत सोसायटीतून निरोप आला की तिसरी पायरी बुडाली. सावंत पळाला. सावंत गेला म्हणजे हा म्हातारा घाबरून उघडणार, म्हणून दिनानाथ पळाला. दोघे गेले म्हणजे आपलं काही खरं नाही, म्हणून जॉन पळाला. आणि त्यांच्यामागे आराखडाच पळतोय म्हटल्यावर हर्षवर्धनही झोळी सांभाळत धावला. वर्ग रिकामा झाला.

बांधावर काशीराम गुडघाभर चिखलात वाकून बसला होता, पाण्यात काडी सोडून. बाहेर खाडी फुगली होती, आत ओढा फुगला होता.

"उघडा!" सावंत ओरडला.

"हात लावशील तर बघ!" दिनानाथ ओरडला.

"निदान हातभर तरी, काशा!" हे जॉनचं.

काडी आतल्या बाजूला सरकत होती. काशीराम तिच्याकडे बघत बसला. अर्धा तास गेला. हर्षवर्धनने वही काढली, ती भिजली, त्याने ती परत ठेवली. पाऊण तासाने काडीची धाव मंदावली.

"आता," काशीराम म्हणाला. "सगल्यांनी दोर धरा. एकटा असतो तवा मी एकेक फळी काढतो. आज येळ नाय."

आणि त्या दिवशी प्रथमच दिनानाथ, जॉन, सावंत आणि पुण्याचा साहेब एकाच दोरावर आले. काडी अजून पुरती उभी राहिली नव्हती, किंचित आतच झुकत होती. काशीरामला ते दिसत होतं. पण सावंतचा चेहरा असा झाला होता की त्याने आकडा लावला. पहिली फळी करकरत वर आली. खाऱ्या पाण्याची एक लाट आत शिरली, नेहमीप्रमाणे खांडीतून सखल तुकड्यात उतरली आणि तिथेच राहिली. लाटेबरोबर आलेली कोळंबी ओढ्यात उड्या मारायला लागली. तेवढ्यात खाडीचा जोर मोडला, आणि दुसरी, तिसरी, चौथी फळी निघेपर्यंत आतलं पाणी घोंघावत बाहेर धावत सुटलं.

"पायरी उघडी पडली!" वरून कोणी ओरडलं.

"माझं भात कोरं हाय!" दिनानाथ म्हणाला, स्वतःलाच खरं न वाटून.

जॉनने बांधावर ठेवलेलं आपलं जाळं ओढ्यात टाकलं.

मग जे झालं ते काशीरामच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. सावंतने त्याला मिठी मारली. दिनानाथने पाठीवर थाप दिली. जॉन म्हणाला, "काशा, तुला तोड नाय." आणि हर्षवर्धनने भिजल्या केसांनी जाहीर केलं की लोखंडी झडपेला हे जमणार नाही, अहवालात तो तसं लिहिणार, उघाडी आणि काशीरामकाका दोघंही राहणार. टाळ्या वाजल्या.

काशीरामला हवं होतं ते मिळालं होतं, आणि कोणीही शिवी देत नव्हतं. तिन्हीकडून एकही नाही. शाळेकडे परत येताना तो वाटेत दोनदा थांबून मागे वळून बघत होता. कुठे तरी चुकलं असणार, पण कुठे, ते त्याला सापडेना.

शाळेत पानं मांडली होती. तांदळाची भाकरी, भात आणि वाफाळतं बिरडं. भुकेने सगळे तुटून पडले. दुसरी वाढ झाल्यावर हर्षवर्धनला आठवण झाली.

"मावशी, ती तीन मडकी कुठे ठेवलीत? मोजणी राहिलीय."

जयवंतीने पडवीकडे बोट दाखवलं. तीन मडकी धुऊन पुसून पालथी घातली होती.

"आतले वाल?"

"खाल्लेस की," जयवंती म्हणाली. "सोलायाला येळ लागला म्हनून दोन वाढी झाल्या, नायतर तीन झाल्या असत्या."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग जॉनला कळलं, आणि तो हसता हसता भाकरीसकट आडवा झाला. शेती, मासळी, वस्ती, सगळं एका पातेल्यात शिजून लोकांच्या पोटात गेलं होतं. दिनानाथ मान हलवून म्हणाला, "आता कोनी जिंकलं नाय, ते बरं झालं." हर्षवर्धनने आधी कपाळाला हात लावला आणि मग पानात उरलेला रस्सा भाकरीने पुसून घेतला. करणार काय?

"पण मावशी, बिरडं काय झालंय! वाल घरचे ना?"

"नाय," जयवंती म्हणाली. "सोपाऱ्याच्या बाजारातले. घरचे तीन वर्सं झाली नाय होत."

"का बरं?"

"खारं बसलंय जमिनीत."

तिने हे अगदी सहज सांगितलं, आणि ती भात वाढायला पुढच्या पानाकडे वळली. पण काशीरामचा घास हातातच राहिला. उघाडीच्या आतला तो सखल तुकडा. घरचा, घरचा म्हणून ज्याच्या बांधाला त्याने खांड पाडली होती, तो त्याचा नव्हताच. जयवंतीच्या बापाने लग्नात लेकीला दिला होता, भात निघाल्यावर कार्तिकात वाल लावायला. नवी नवरी असताना ती त्या तुकड्यावर गाणी म्हणत वाल टोकायची. ती गाणी कधी बंद झाली, ते काशीरामला आठवेना. तो रोज बोटांवर शिव्या मोजत होता, आणि जिने कधी शिवी दिली नाही, तिच्या जमिनीवर रोज समुद्र सोडत होता. मतदानालाही कोणी तिला वाल दिले नव्हते. ती पडवीत होती, चुलीपाशी.

त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला, पळताना त्याने मूठ तिथेच रिकामी केली होती. दहा वाल अजून तिथेच होते, घामाने आणि खाडीच्या पाण्याने भिजलेले. पंक्तीतून उठून तो तिच्यापाशी गेला आणि तिच्यासमोर हात धरला.

"हे काय?"

"माझी मतं. ऱ्हायलीत. तू टाक."

"मडकी धुतली मी."

"मंग घरी ठेव. जयवंते, तुझ्या जागेची वाट मी लावली. कळलंच नाय गो मला."

जयवंतीने हातातला पळा खाली ठेवला. लग्न झाल्यापासून ती त्याला अहोजाहो करत आली होती. चारचौघांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"कळलं नाय?" ती म्हणाली. "मुडद्या, तुला काडीची हालचाल कळते, बोयटांची कळते, सावंतची पायरी कळते, आनि माझे वाल जळले ते कळलं नाय? माझ्या बापाची जागा काय तुझं गटार हाय?"

सावंतने पानात डोळे घातले. काशीराम मान खाली घालून उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. चूक कुठे होती, ते सापडलं होतं.

"अजून दे," तो म्हणाला.

तिने दिल्या. तीन वर्षांच्या साठलेल्या होत्या.

पाऊस थांबला होता. काशीराम पान तसंच टाकून कुदळ आणि घमेलं घेऊन बांधावर गेला आणि खांड बुजवायला लागला. लोक हात धुऊन मागोमाग आलेच.

"आरं, हे काय करतो?" दिनानाथ ओरडला. "खारं पानी मंग माझ्याकडं येनार!"

"थोडं. आनि थोडं वरती जानार. उद्यापास्नं काडी उभी ऱ्हायल्याशिवाय दार उघडायाचं नाय, आनि भरतीला हातभरबी नाय, चार बोटं."

"चार बोटांतून कोळंबी येते का रे, शहाण्या?" जॉन कडाडला.

"म्हणजे पुन्हा आमचा जिना बुडणार?" सावंतचा आवाज चढला. "काका, मघाशी मिठी मारली ती चूक झाली माझी!"

काशीराम चिखल थापत राहिला. इतक्यात मागून जयवंती आली. पदरात दहा वाल बांधलेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिने बुजवलेल्या खांडीवर पाय दाबून बघितला. चिखल लिबलिबला.

"असा थापतात बांध? दगड घाल आधी आत! एकतीस वर्सं काय शिकलास?"

काशीरामने दगड उचलला. मग ओल्या चिखलाच्या हाताचं एकेक बोट मिटत तो पुटपुटत मोजायला लागला. दिनानाथ, जॉन, सावंत झाले, आणि चौथं बोट मिटताना त्याने वर बायकोकडे पाहिलं.

"बघतोस काय? दगड घाल," जयवंती म्हणाली.